बायोमास पिके: हंगामी की बहुवार्षिक? पर्यावरणाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायोमास पीक कशाला म्हणायचे, आणि त्यात हंगामी व बहुवार्षिक असा भेद का करायचा?

जे पीक प्रामुख्याने इंधनासाठी किंवा वीजनिर्मितीसाठी घेतले जाते, त्याला बायोमास पीक म्हणतात. दाण्यातील स्टार्चपासून किंवा रसातील साखरेपासून इथेनॉल तयार होते, हिरवा चारा कुजवून बायोगॅस काढता येतो, आणि वाळलेले गवत किंवा लाकूड दाबून त्याच्या कांड्या (पेलेट) बॉयलरमध्ये जाळता येतात. मका आणि गोड ज्वारी ही यांतली हंगामी पिके. त्यांच्यासाठी दरवर्षी रान तयार करावे लागते आणि साधारण चार महिन्यांत ती निघतात. मिस्कँथस, स्विचग्रास, नेपियर ही उंच गवते, बांबू आणि विलो हे झाड ही बहुवार्षिक पिके एकदा लावली की काही वर्षे ते काही दशके त्याच मुळांवर पुन्हा फुटत राहतात. ऊस या दोहोंच्या मधला आहे आणि त्याच्याविषयी पुढे वेगळे उत्तर दिले आहे.

पर्यावरणाच्या दृष्टीने हा भेद जमिनीखाली काय घडते याचा आहे. दरवर्षीची नांगरट थांबली की धूप, कर्ब, नत्र आणि जमिनीतील जीवसृष्टी या सगळ्यांचे गणित बदलते, आणि जगभरातील बहुतेक दीर्घकालीन प्रयोगांत ते बहुवार्षिक पिकांच्या बाजूने झुकलेले दिसते. मात्र हा फायदा तीन अटींवर अवलंबून आहे: मुळे हलवली जाऊ नयेत, कापणी पीक वाळल्यावर व्हावी आणि वाढ शक्यतो पावसाच्या पाण्यावर व्हावी. या अटी जिथे पाळल्या जात नाहीत तिथे ‘बहुवार्षिक’ या शिक्क्यावरून पर्यावरणाचे भले होईल असे गृहीत धरू नये. महाराष्ट्रात इंधनासाठी आज जी बहुवार्षिक पिके सर्वाधिक पुढे केली जातात, त्यांपैकी दोन, ऊस आणि नेपियर, नेमकी अशीच आहेत.

हा प्रश्न आत्ताच इतका का विचारला जातो?

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट आधी २०३० साठी होते, ते अलीकडे ओढून २०२५-२६ वर आणले गेले. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने उसाचा रस व बी-हेवी मळी (जिच्यात बरीच साखर शिल्लक असते) इथेनॉलसाठी वापरण्यावर निर्बंध आणले, आणि त्यानंतर आसवन्यांची, म्हणजे इथेनॉल कारखान्यांची, मागणी झपाट्याने मक्याकडे वळली. एरवी मका निर्यात करणाऱ्या भारताने २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेनमधून मका आणला, तो या बदलामुळेच. दुसऱ्या बाजूला, ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘सतत’ योजनेमुळे कॉम्प्रेस्ड बायोगॅसचे प्रकल्प उभे राहू लागले, नेपियर गवताच्या लागवडीचे करार घेऊन प्रतिनिधी गावोगाव फिरू लागले, आणि औष्णिक वीजकेंद्रांना कोळशात ५ टक्के बायोमास पेलेट मिसळण्याचे धोरण ऑक्टोबर २०२१ मध्ये आल्यावर बांबूचाही भाव वाढला. शेतकऱ्याच्या दारात उभा असलेला हा निर्णय आहे. तो केवळ पैशाच्या हिशेबाने घेऊ नये एवढ्यासाठी ही प्रश्नोत्तरे.

जमिनीच्या धुपीत खरोखर किती फरक पडतो?

पुष्कळ. सगळ्या फायद्यांत हा सर्वांत निर्विवाद आहे.

भारतात दरवर्षी सुमारे ५३३.४ कोटी टन माती, म्हणजे हेक्टरी सरासरी १६.४ टन, आपल्या जागेवरून सुटते असा १९८३ चा अंदाज आजही आधार म्हणून वापरला जातो. खरिपाच्या मक्याचे शेत जूनमध्ये पाहिल्यास यातील बराच भाग कसा सुटत असेल ते लक्षात येते. नांगरून, कुळवून भुसभुशीत केलेल्या रानात ६० ते ७५ सेंटीमीटरवर ओळी असतात. रोपे गुडघ्याला लागेपर्यंत महिना जातो. त्या काळात ओळींमधील जमीन पूर्ण उघडी असते, आणि नेमक्या त्याच काळात मृगाचा आणि आर्द्रेचा पाऊस कोसळतो. उताराच्या रानात पहिल्या जोरदार सरीनंतर बांधाच्या आतल्या कोपऱ्यात जो मऊ गाळ साठलेला दिसतो, ती त्या शेतातील सर्वांत सुपीक माती असते. बांध फुटला तर ती ओढ्यात जाते. बहुवार्षिक गवताच्या शेतात याच वेळी जमिनीवर जुन्या पानांचा थर आणि खाली मुळांचे दाट जाळे असते, त्यामुळे थेंबाचा मारा मातीपर्यंत पोहोचत नाही आणि पाणी वाहण्याऐवजी मुरते.

सगळे शेत गवताखाली घालावे लागत नाही, हे अमेरिकेतील आयोवा राज्यात सिद्ध झाले. मका-सोयाबीनच्या छोट्या पाणलोटांत केवळ १० टक्के क्षेत्रावर, उताराला आडवे, स्थानिक बहुवार्षिक गवत व फुलझाडांचे पट्टे लावल्यावर वाहून जाणारी माती सुमारे ९५ टक्क्यांनी आणि वाहून जाणारे पाणी ३७ टक्क्यांनी घटले. आपल्याकडे बांधावर गिरिपुष्प लावण्याची जी जुनी शिफारस आहे, तिच्यामागचे तत्त्व हेच.

सेंद्रिय कर्ब वाढतो असे सांगतात. ते कितपत खरे?

खरे आहे, पण सुरुवात कोणत्या जमिनीपासून झाली यावर सगळे अवलंबून असते.

मिशिगनमधील केलॉग बायोलॉजिकल स्टेशन येथे मका, सोयाबीन व गहू यांचा फेरपालट, विनानांगरट शेती, पॉप्लर वृक्ष, लसूणघास आणि नुसते सोडून दिलेले रान यांची शेजारी शेजारी अनेक वर्षे तुलना झाली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, खते, इंधन, चुना, नायट्रस ऑक्साइड आणि मातीतील कर्ब हे सगळे धरून, नेहमीच्या नांगरटीच्या शेतीतून हेक्टरी वर्षाला सुमारे १.१४ टन कार्बन डायऑक्साइडइतके वायू बाहेर पडत होते. विनानांगरट शेतीत हा आकडा ०.१४ टनावर आला. पॉप्लरखालील जमीन मात्र वर्षाला सुमारे १.०५ टन शोषून घेत होती आणि सोडून दिलेले रान २.११ टन. लावलेल्या झाडांपेक्षा आपोआप उगवलेल्या गवताने दुप्पट काम केले, ही गोष्ट लागवडीच्या योजना आखणाऱ्यांनी भिंतीवर लावून ठेवावी अशी आहे.

यात दोन मर्यादा आहेत. कर्ब कायम वाढत राहत नाही. काही दशकांत जमीन आपल्या नव्या पातळीवर स्थिरावते. आणि साठलेला कर्ब नांगराच्या एका फेरीने पुन्हा सुटू शकतो. वर्षानुवर्षे कपाशी किंवा मका घेतलेल्या, कर्ब अर्ध्या टक्क्याच्याही खाली गेलेल्या जमिनीत बहुवार्षिक पीक आले तर फायदा मोठा होतो. जिथे आधीच चांगले गवत आहे, ते मोडून तिथे ‘पर्यावरणपूरक’ म्हणून दुसरे गवत लावण्यात कर्बाचा फायदा शोधू नये.

खतांचा, विशेषतः युरियाचा, हिशेब कसा मांडायचा?

हा हिशेब सविस्तर मांडायला हवा, कारण इंधनपिकाचे श्रेय बहुतांशी इथेच कमावले किंवा गमावले जाते.

मक्यासाठी आपल्याकडे हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ४० किलो पालाश अशी शिफारस आहे. आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या (आयपीसीसी) साध्या पद्धतीनुसार दिलेल्या नत्रापैकी सुमारे १ टक्का नत्र थेट शेतातून नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने हवेत जाते, असे धरतात. म्हणजे १२० किलोंमागे १.२ किलो नत्र, वायूच्या वजनात सुमारे १.९ किलो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापमानवाढ करतो, त्यामुळे हेक्टरी जवळपास ५१५ किलो कार्बन डायऑक्साइडचा भार केवळ या एका वाटेने पडतो. युरिया तयार करताना कारखान्यात जळालेला नैसर्गिक वायू यात धरलेलाच नाही. आडसाली उसाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची आहे. तोच हिशेब लावला तर आकडा १,७०० किलोंच्या वर जातो, अर्थात ते पीक १६ ते १८ महिने रानात असते हे ध्यानात ठेवावे.

पिकाने न घेतलेल्या नत्राचा मोठा भाग पाण्याबरोबर जातो. केलॉग स्टेशनवरच्या ११ वर्षांच्या मोजणीत नेहमीच्या पद्धतीच्या शेतातून हेक्टरी दरवर्षी सुमारे ६२ किलो नत्र नायट्रेटच्या रूपाने मुळांच्या खाली झिरपून गेले, तर पॉप्लरखालून जवळजवळ काहीच गेले नाही. अमेरिकेच्या मका पट्ट्यातले हे नायट्रेट मिसिसिपी नदीतून मेक्सिकोच्या आखातात पोहोचते, तिथे शेवाळ माजते आणि प्राणवायू संपून जलचरांना जगता न येणारा पट्टा तयार होतो. २०१७ साली त्याचे क्षेत्र सुमारे २२,७०० चौरस किलोमीटर भरले. आपल्याकडे हे नायट्रेट विहिरीत आणि हातपंपात उतरते, एवढाच फरक.

बहुवार्षिक गवतांना खत कमी का लागते, याचे उत्तर त्यांच्या जीवनक्रमात आहे. मिस्कँथस हे गवत थंडी सुरू झाली की पानांतील व खोडातील नत्र, पालाश खाली कंदात ओढून घेते, आणि वाळून पिवळे पडलेले खोड उभे राहते. हिवाळा सरता सरता तेवढे कोरडे खोड कापून नेले की अन्नद्रव्यांचा मोठा साठा जमिनीतच राहतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा वापरला जातो. जाळताना राख आणि धुरातील नत्राची संयुगेही त्यामुळे कमी होतात.

आता नेपियर पाहू. बायोगॅससाठी ते हिरवेगार असतानाच, साधारण दीड-दोन महिन्यांनी एक याप्रमाणे वर्षातून पाच-सहा वेळा कापायचे असते. ऐन भरात, पाल्यात नत्र भरलेले असताना केलेली ही कापणी म्हणजे दर वेळी जमिनीतील अन्नद्रव्यांची ट्रॉली भरून बाहेर पाठवणे होय. तेवढे खत किंवा प्रकल्पातून निघणारी बायोगॅसची रबडी परत शेतात आली तरच चक्र पूर्ण होते. रबडी परत येण्याची लेखी तरतूद नसेल, तर या बहुवार्षिक पिकाची खताची भूक मक्याहून कमी राहणार नाही.

पाणी कशाला जास्त लागते?

इथे बहुवार्षिक पिकांची बाजू लंगडी आहे आणि ते मान्य करायला हवे. खोल मुळे आणि लांब वाढीचा काळ म्हणजे पाण्याचा उपसाही जास्त. इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना येथील शेतात वाढीच्या एका संपूर्ण हंगामात मोजले असता मक्याने सुमारे ६११ मिलिमीटर, स्विचग्रासने ७६४ मिलिमीटर आणि मिस्कँथसने सुमारे ९५५ मिलिमीटर पाणी हवेत सोडले. मिस्कँथसचे उत्पादनही त्या मानाने खूप जास्त असल्याने दर टन बायोमासमागे तो वायफळ ठरत नाही, पण भूजल आधीच खोल गेलेल्या भागात एकूण पाणी किती खर्च झाले हेच शेवटी महत्त्वाचे असते.

नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल आराखड्यात उसाबद्दलचा आकडा स्वच्छ दिला आहे: उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवायला सुमारे २,८६० लिटर पाणी. केंद्रीय कृषिमूल्य आयोगाने नोंदवले होते की महाराष्ट्रातील एकूण पीकक्षेत्राच्या ४ टक्क्यांहून कमी जागेवरचा ऊस राज्याच्या सिंचनाच्या पाण्यापैकी जवळपास ७० टक्के पाणी घेतो. ठिबक आल्यापासून काही गावांत चित्र सुधारले आहे. राज्याचे चित्र मात्र अजून तेच आहे.

या संदर्भात गोड ज्वारीची आठवण द्यायलाच हवी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तिच्यावर दीर्घकाळ काम केले. चार महिन्यांचे हे हंगामी पीक उसाच्या तुलनेत फारच थोड्या पाण्यात ताटातील रसापासून इथेनॉल, कणसातून दाणे आणि चोथ्यातून वैरण किंवा जळण देते. अवर्षणप्रवण तालुक्यात पावसावरचे हंगामी पीक हे पाटपाण्यावरच्या बहुवार्षिक पिकाहून पर्यावरणाला हलके पडू शकते, याचे इतके सरळ उदाहरण दुसरे नाही. कारखान्यांच्या गाळपाची सारी यंत्रणा उसाभोवती बांधलेली असल्याने गोड ज्वारी मागे राहिली. तिच्यात दोष होता म्हणून नव्हे.

मग ऊस हंगामी धरायचा की बहुवार्षिक?

वनस्पती म्हणून ऊस बहुवार्षिक आहे. मिस्कँथस त्याचा जवळचा नातेवाईक. शेतीपद्धती म्हणून मात्र तो लावणीनंतर एक-दोन खोडवे (तोडलेल्या बुडख्यांवर पुन्हा फुटणारे पीक) घेऊन मोडला जातो, रान खोल नांगरले जाते आणि नव्याने सऱ्या पडतात. त्यामुळे मुळे न हलवण्याचा फायदा त्याला पुरेसा मिळत नाही. पाण्याच्या अतिवापराचे परिणाम कृष्णाकाठी शिरोळ, मिरज, वाळवा तालुक्यांत पाहायला मिळतात: क्षारपड आणि चोपण झालेली, पांढरा थर धरलेली जमीन, जिच्यावर पुढे ऊसही धड येत नाही.

तरीही ऊस सुधारण्याची जागा खोडव्यातच आहे. तोडणीनंतर हेक्टरी साधारण ८ ते १० टन पाचट रानात पडते. ते पेटवून दिले की तासाभरात कर्ब आणि नत्र धुरात जाते. त्याऐवजी पाचट सरीत दाबून, बुडखे जमिनीलगत धारदार कोयत्याने छाटून, टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून, खत पहारीने भोके पाडून मुळांशी दिले, तर पाण्याच्या पाळ्या कमी होतात, तण दबते आणि जमिनीचा कर्ब वाढतो. उसासाठी सुचवलेल्या सर्व उपायांत कमी खर्चाचा आणि तात्काळ दिसणारा उपाय हाच आहे. दुर्दैवाने यंत्राच्या तोडणीसाठी किंवा घाईने रान मोकळे करण्यासाठी काडेपेटी अजूनही आधी निघते.

पाखरे, मधमाश्या, मित्रकीटक यांच्यावर काय परिणाम होतो?

एकाच जातीचे सलग पीक, मग ते हंगामी असो की बहुवार्षिक, जीवसृष्टीला फारसे काही देत नाही. फरक असा की हंगामी पिकात फवारणीही जास्त होते. २०१८ मध्ये अमेरिकन लष्करी अळी भारतात आली आणि महाराष्ट्रातही पसरली, तेव्हापासून पोंग्यात अळी दिसली की फवारणी, हा मक्याचा नित्यक्रम झाला आहे. त्याचा फटका क्रायसोपा, ढालकिडे आणि परोपजीवी गांधीलमाश्या या मित्रकीटकांनाही बसतो.

जर्मनीत बायोगॅससाठी मक्याचे क्षेत्र इतके वाढले की लोकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि २०१२ च्या कायद्याने नव्या प्रकल्पांत मका व धान्याच्या वापराला ६० टक्क्यांची मर्यादा घातली गेली. त्यानंतर तिथे पिवळ्या फुलांचे, मधमाश्यांना परागकण पुरवणारे सिल्फियम हे बहुवार्षिक पीक काही शेतकऱ्यांनी मक्याऐवजी लावले. मिशिगन व विस्कॉन्सिनमधील पाहण्यांतही मक्याच्या तुलनेत बहुवार्षिक गवतांत, आणि त्यातही मिश्र गवताळ रानांत, पक्षी, परागीभवन करणारे कीटक आणि किडी खाणारे मित्रकीटक जास्त आढळले. नुसते नेपियर किंवा नुसता मिस्कँथस लावून हा लाभ मिळेल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.

बहुवार्षिक पीक आवरले नाही तर?

हा धोका काल्पनिक नाही. जळणासाठी आणि रान हिरवे करण्यासाठी आणलेली वेडी बाभूळ आज सोलापूर, धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद), अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या भागांतील नदीपात्रे, गायराने आणि तलावांचे काठ व्यापून बसली आहे. चारा आणि जळण यांसाठी १९८० च्या दशकात मोठ्या उत्साहाने लावलेली सुबाभूळही अनेक ठिकाणी बी पडून फोफावली. कॅलिफोर्नियात अरुंडो या उंच बोरूसारख्या गवताने नदीकाठ गिळले आणि ते काढायला मोठा खर्च सुरू आहे. इंधनपीक म्हणून जे गुण हवे असतात, म्हणजे जलद वाढ, कमी निगा, कापल्यावर पुन्हा फूट, तेच गुण तणातही असतात. युरोप-अमेरिकेत लावला जाणारा मिस्कँथसचा मुख्य संकर वांझ आहे, त्याला बी धरत नाही, आणि त्याची निवड होण्यामागे हेही एक कारण होते. नेपियर लावताना त्याच्या कांड्या ओढ्यात, चारीत पडणार नाहीत एवढी काळजी किमान घ्यावी.

बांबूची गोष्ट थोडी वेगळी आहे. सिंधुदुर्गातील माणगा किंवा विदर्भातील मानवेल या इथल्याच जाती आहेत, त्यांची बेटे जागेवर राहतात आणि उताराची माती उत्तम धरून ठेवतात. २०१७ च्या कायदादुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेल्याने तोड-वाहतुकीची अडचणही बरीच कमी झाली. पण अनेक जातींचा बांबू काही दशकांनी एकदमच फुलतो आणि मग वाळून जातो. मिझोराममध्ये १९५९ आणि २००७ च्या सुमारास असा फुलोरा आला तेव्हा बियांवर पोसलेल्या उंदरांनी भातशेती फस्त केली होती. एका बेटातून वाढवलेली एकच रोपे हजारो एकरांवर लावताना हे विसरू नये.

पडीक जमिनीवर लावले तर कोणाचेच नुकसान नाही, हे म्हणणे बरोबर आहे का?

अर्धवट बरोबर आहे, आणि याच अर्ध्या सत्यावर मोगली एरंडाची (जट्रोफा) मोहीम उभी राहिली होती. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने पडीक जमिनींवर मोगली एरंड लावून २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के जैवडिझेल मिसळण्याचा आराखडा मांडला. पीक बहुवार्षिक होते, जनावरे खात नव्हती, पाणी कमी लागते असे सांगितले जात होते. प्रत्यक्षात खडकाळ, कोरड्या जमिनीत झाड जगले, पण बी धरण्यासाठी लागणारे पाणी आणि खत तिथे नव्हतेच, आणि उत्पादन अपेक्षेच्या जवळपासही गेले नाही.

शिवाय महसुली कागदावर ‘पडीक’ असलेली जमीन बहुतेकदा रिकामी नसते. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळढोक अभयारण्याभोवतालची माळराने कागदोपत्री टाकाऊ वाटतील; पण लांडगा, काळवीट, धाविक पक्षी यांचे घर तेच आहे, धनगरांच्या मेंढ्या तिथेच चरतात, आणि त्या बुटक्या गवताच्या मुळांत पिढ्यानपिढ्यांचा कर्ब साठलेला आहे. अशा माळावर चर खणून दाट लागवड केली की धूप, जीवसृष्टी आणि चराई या तिन्ही बाबतींत तोटाच होतो. बायोमाससाठी योग्य पडीक जमीन म्हणजे खरोखर खराब झालेली शेतजमीन: चोपण रान, खाणीच्या मातीचे ढिगारे, वाहून गेलेले उतार.

मका इंधनाला गेला तर त्याचा पर्यावरणाशी काय संबंध? तो तर अन्नाचा प्रश्न झाला.

दोन्ही प्रश्न एकच आहेत. आसवनीने मका उचलला की कुक्कुटखाद्याचा मका महागतो, भाव पाहून दुसरीकडचा शेतकरी सोयाबीन किंवा बाजरीच्या जागी मका लावतो, आणि कुठेतरी गवताळ किंवा जंगलाची जमीन नांगराखाली येते. ती मोडताना सुटलेला कर्ब इंधनाच्या खात्यावरच धरला पाहिजे. २००८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी असा हिशेब मांडला तेव्हा तिथली गवताळ जमीन मोडून मक्याचे इथेनॉल केल्यास ते कर्ज फिटायला ९३ वर्षे लागतील असे निघाले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तर अमेरिकेच्या सक्तीच्या मिश्रण धोरणाखालील मक्याचे इथेनॉल पेट्रोलपेक्षा कमी कार्बनचे नाही, उलट किमान २४ टक्के जास्त असण्याची शक्यता आहे, असा निष्कर्ष काढला. त्यावर तज्ज्ञांमध्ये वाद आहेत. पण जमीनबदल हिशेबात धरला की मक्याची बाजू पडते, याविषयी शंका फार उरत नाही. चांगल्या बागायती जमिनीवर बहुवार्षिक गवत लावले तरी हाच दोष त्याला लागतो.

वेगळे पीक घेण्यापेक्षा पऱ्हाट्या आणि तुराट्या वापरल्या तर?

जिथे शक्य आहे तिथे तेच आधी करावे. पऱ्हाट्या शेतात उभ्या राहिल्या की गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो, म्हणून त्या काढणे तसेही गरजेचे असते. जाळण्याऐवजी त्यांचे पेलेट झाले तर नवी जमीन, पाणी, खत काहीच लागत नाही. सगळे अवशेष मात्र नेऊ नयेत. सोयाबीनचे कुटार, मक्याचा पाला, उसाचे पाचट यांचा मोठा वाटा रानातच राहायला हवा, नाही तर कर्ब वाढण्याऐवजी घटेल.

कारखान्यातील प्रदूषणाचे काय?

पीक हंगामी असो की बहुवार्षिक, आसवनीचा प्रश्न तोच राहतो. मळीपासून एक लिटर इथेनॉल करताना साधारण १० ते १५ लिटर गडद तपकिरी स्पेंटवॉश निघतो. तो बाहेर सोडण्यास बंदी आहे, बाष्पीभवन करून जाळावा किंवा कंपोस्ट करावा लागतो. ओढ्याचे पाणी लाल-काळे झाले तर पिकाला दोष देण्याऐवजी हा नियम पाळला जातो का ते पाहावे.

नेपियर किंवा बांबूचा करार करण्यापूर्वी पर्यावरणाच्या दृष्टीने काय तपासावे?

आधी जमीन पाहावी: तिथे आज काय आहे, उतार किती, पाणी कोठून येणार. विहिरीला एप्रिलमध्ये पाणी राहत नसेल तर बारमाही नेपियर त्या शिवाराला परवडणार नाही, मग भाव काहीही मिळो. बांबूला सुरुवातीची दोन-तीन वर्षे संरक्षित पाणी आणि तणनियंत्रण लागते. पुढे तो बराचसा पावसावर तग धरतो. पहिल्या वर्षी बहुवार्षिक पिकाची जमीनही उघडीच असते आणि तणनाशकाचा मोह होतो, म्हणून ओळींमध्ये उडीद, चवळी किंवा ताग घ्यावा.

मग अंतर पाहावे. ताज्या नेपियरच्या वजनात तीन चतुर्थांशाहून अधिक पाणीच असते. चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या प्रकल्पाला हे पाणी ट्रॅक्टरने वाहून न्यायचे, म्हणजे डिझेल जाळून गॅस करायचा. रबडी परत मिळणार की नाही, ती कोणाच्या खर्चाने येणार, आणि प्रकल्प बंद पडला तर उभ्या पिकाचे काय, हे तोंडी आश्वासनावर सोडू नये. चाऱ्याची अडचण असलेल्या भागात नेपियर निदान जनावरांना घालता येते; दाट लावलेला बांबू मात्र दुसऱ्या गिऱ्हाईकाची वाट पाहत उभा राहतो.

करार संपल्यावर शेत मोडायचे झाले तर?

हा खर्च लागवडीच्या वेळी फारसे कोणी सांगत नाही. नेपियरचे ठोंब खोल नांगरून, वेचून, पुन्हा येणारी फूट दोन-तीन वेळा काढावी लागते. बांबूचे जुने बेट जेसीबीशिवाय निघत नाही. परदेशात मिस्कँथस मोडताना बहुधा ग्लायफोसेट फवारून मग नांगरट केली जाते. मोडताना मातीतील साठलेला काही कर्ब आणि नत्र सुटते, त्यामुळे मोडलेल्या रानात लगेच नत्राची भूक असलेले आणि जमीन पटकन झाकणारे पीक घ्यावे. नेपियरनंतर गहू किंवा ज्वारी चालते, आणि त्या पहिल्या हंगामात युरियाची मात्रा माती परीक्षण करून कमी करता येते.